गाताना कानात घुमारा हवा, रेकॉर्डिंग मात्र कोरडं हवं: प्लग-इन नक्की कुठे लावायचं?

खर्जवाला

नमस्कार मंडळी. भावगीतं आणि अभंग रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड करायचे आहेत. मांडणी अशी: विंडोज लॅपटॉप, दोन इनपुटचा यूएसबी इंटरफेस, एक कंडेन्सर माइक, बंद कपांचे हेडफोन. प्रोजेक्ट ४८ किलोहर्ट्झ, बफर (कॉम्प्युटर एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) ५१२ सॅम्पल. तानपुरा आणि केरव्याचा ठेका आधीच वेगवेगळ्या ट्रॅकवर आहेत.

कानात आवाज अगदी कोरडा आला की गाणारा गळा आवळून गातो, थोडा घुमारा असला की सूर मोकळा लागतो. म्हणून गायनाच्या ट्रॅकवर रीव्हर्बेट (रीपरचं रिव्हर्बचं, म्हणजे घुमाऱ्याचं प्लग-इन) लावून मॉनिटरिंग चालू केलं, तर आवाज मागून येतो आणि दोनदा ऐकू येतो. इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटर (कॉम्प्युटरला वळसा घालून माइक थेट कानात देणारी सोय) वापरलं तर आवाज वेळेवर येतो, पण घुमारा गायब.

प्रश्न दोन. उशीर न होता रिव्हर्ब कानात कसा आणायचा? आणि असा ऐकलेला रिव्हर्ब रेकॉर्डिंगमध्ये छापला जातो का? कोरडी फाइल हातात राहणं अत्यावश्यक आहे, मिक्सिंग दुसरीकडे होणार आहे.

डग्गातिरकिट

बफर ६४ वर आणा. संपला प्रश्न.

सॅम्पलमोजणी

इतक्यात संपत नाही. आधी हिशोब पाहा. बफरला सॅम्पल रेटने भागलं की एका बाजूचा उशीर मिळतो. ४८ किलोहर्ट्झला ५१२ म्हणजे १०.७ मिलिसेकंद, २५६ म्हणजे ५.३, १२८ म्हणजे २.७ आणि ६४ म्हणजे १.३. आवाज आत येताना एकदा आणि बाहेर जाताना एकदा, म्हणून हे दुप्पट धरायचं. त्यावर ड्रायव्हर आणि कन्व्हर्टरचे काही मिलिसेकंद असतातच. म्हणजे धागालेखकांच्या कानात २१ पेक्षा जास्तच मिलिसेकंदांनी आवाज येतोय. तो मागून येणारच.

आता ६४ चा अर्थ काय, तर दर १.३ मिलिसेकंदांत लॅपटॉपने सगळ्या प्लग-इनचं काम उरकून पुढचा घास तयार ठेवायचा. एकदा चुकला की हेडफोनमध्ये 'टक्' येतं. सीपीयू सरासरी ३० टक्के दिसत असला तरी चरचर येते ती यामुळेच. सरासरीला इथे किंमत नाही, प्रत्येक घास वेळेत पोचला पाहिजे. रीपरच्या परफॉर्मन्स मीटरमध्ये आरटी (रिअल-टाइम) सीपीयूचा आकडा पाहा, साधा सीपीयूचा नव्हे.

आणि रिव्हर्ब, ईक्यू (कंपनसंख्यांचे पट्टे कमी-जास्त करणारा), कॉम्प्रेसर (जोराचा आवाज दाबणारा) एकाच ट्रॅकवर एकामागे एक लावले असतील, तर दुसऱ्याला पहिल्याची वाट पाहावीच लागते. ती साखळी प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालते. आठ कोअर असून त्या साखळीला उपयोग नाही.

पेटीचा_भाता

गाणाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, ती गिटारवाल्यांना लागू नाही. ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे १० मिलिसेकंदांत साधारण साडेतीन मीटर. गिटारवाला साडेतीन मीटरवरच्या ॲम्पचा आवाज ऐकत निवांत वाजवतो. पण गाणाऱ्याचा स्वतःचा आवाज कवटीच्या हाडांतून थेट कानात पोचलेला असतो. त्यावर हेडफोनमधला तोच आवाज १० मिलिसेकंदांनी येऊन बसला की दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि काही कंपनसंख्या कापल्या जातात. उशीर १० मिलिसेकंद असेल तर ५०, १५०, २५०, ३५० हर्ट्झ अशा ठिकाणी खड्डे पडतात. आवाज डब्यात कोंडल्यासारखा, नळीतून आल्यासारखा होतो. सूर बरोबर लागलाय की नाही याचीच खात्री वाटेनाशी होते. म्हणून गायकाला ५-६ मिलिसेकंदही खटकू शकतात.

मूर्च्छना

@खर्जवाला, बफर कमी करण्याच्या मागे लागूच नका. तुमचा कोरडा आवाज कॉम्प्युटरमधून कानात जायचं कारणच नाही. कोरडा आवाज इंटरफेसच्या डायरेक्ट मॉनिटरमधून घ्या, तो जवळजवळ शून्य उशिराने येतो. कॉम्प्युटरकडून फक्त घुमारा घ्या, पूर्णपणे ओला, कोरड्याचा थेंबही नसलेला. घुमारा १२-१५ मिलिसेकंदांनी उशिरा आला तर काहीही बिघडत नाही. खऱ्या सभागृहातही भिंतीवरून परतलेला आवाज तेवढ्या उशिरानेच येतो. हा उशीर रिव्हर्बचा प्री-डिले (घुमारा सुरू होण्याआधीचं अंतर) म्हणून खपून जातो.

रीपरमध्ये तीन ट्रॅक करा.

पहिला ट्रॅक 'गायन'. इनपुट मोनो, इनपुट १. आर्म केलेला (रेकॉर्डिंगसाठी सज्ज), मॉनिटरिंग बंद. यावर कोरडी फाइल बनते. प्लग-इन काही नाही.

दुसरा ट्रॅक 'कान'. तोच मोनो इनपुट १, हाही आर्म केलेला, मॉनिटरिंग चालू. आर्मच्या बटणावर उजवी टिचकी मारली की रेकॉर्ड मोड दिसतात, त्यातला रेकॉर्ड न करता फक्त इनपुट ऐकवणारा मोड निवडा. मग राउटिंगची खिडकी उघडून मास्टर सेंडची, म्हणजे ट्रॅक थेट अंतिम आउटपुटला (मास्टरला) पाठवण्याची खूण काढा. ही खूण राहिली तर सगळी मेहनत वाया, कारण उशिराचा कोरडा आवाज पुन्हा कानात येईल.

तिसरा ट्रॅक 'घुमारा'. यावर रीव्हर्बेट. वेट ० डीबी, ड्राय अगदी खाली, उणे अनंतावर. इनिशियल डिले शून्य, तो उशीर बफरच देतोय. 'कान' वरून यावर एक सेंड, म्हणजे आवाजाची एक प्रत इकडे. 'गायन' वरूनही एक सेंड, म्हणजे रेकॉर्ड झालेलं पुन्हा ऐकताना घुमारा तोच राहतो.

आता 'घुमारा'चा फेडर कानाला हवा तितका वर करा. बफर २५६ ठेवा, लॅपटॉपला श्वास घ्यायला जागा राहते.

डग्गातिरकिट

हे मान्य. माझा एका ओळीचा उपाय मागे घेतो.

खर्जवाला

@मूर्च्छना, मनापासून आभार. एक शंका, मोनो इनपुट मुद्दाम का सांगितलंत?

मूर्च्छना

स्टिरिओ इनपुट १/२ निवडलं तर माइक फक्त डाव्या बाजूला जातो आणि उजवीकडे रिकामं इनपुट राहतं. फाइलही तशीच बनते, डावीकडे आवाज आणि उजवीकडे शांतता. मिक्स करणाऱ्याकडे गेल्यावर ते निस्तरावं लागतं. डायरेक्ट मॉनिटरमध्येही हेच, इंटरफेसवर मोनो-स्टिरिओचं बटण असेल तर मोनोवर ठेवा, नाहीतर स्वतःचा आवाज एकाच कानात येईल.

कोमलगांधार

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. रीपरमध्ये ट्रॅकवरच्या एफएक्सच्या बटणात लावलेलं प्लग-इन कानात येतं, पण रेकॉर्ड मोड नेहमीचा 'इनपुट' असेल तर फाइलमध्ये छापलं जात नाही. फाइल कोरडीच राहते. इनपुट एफएक्स वेगळं, ते आर्म बटणाच्या उजव्या टिचकीत असतं आणि तिथे लावलेलं सगळं छापलं जातं. रेकॉर्ड मोड 'आउटपुट' केला तर मात्र ट्रॅकवरचं प्लग-इनही छापलं जातं.

तिसरं एक मॉनिटरिंग एफएक्स असतं. ते मास्टरच्याही पुढे, थेट हेडफोनच्या वाटेवर लागतं आणि रेंडर केलेल्या फाइलमध्ये येत नाही. हेडफोनची दुरुस्ती करणारा ईक्यू लावायची जागा ती. तिथे रिव्हर्ब लावू नका, तानपुरा आणि तबलाही त्यात बुडतील.

गजबजलेला_ग्रीनरूम

थोडा विरोध नोंदवतो. सगळं कोरडंच का ठेवायचं? गाणारा तार सप्तकात गेला की पातळी उसळते. इनपुट एफएक्समध्ये हलका कॉम्प्रेसर छापून घेतला तर पुढचं काम सोपं होतं.

कोमलगांधार

@गजबजलेला_ग्रीनरूम, २४ बिटवर रेकॉर्ड करताना त्याची गरज उरत नाही. सर्वात जोराची तान उणे १० डीबीच्या आसपास राहील असा प्रीॲम्पचा गेन लावला की वर जागा भरपूर राहते आणि खालचा गुरगुराटही वर येत नाही. आणि इनपुट एफएक्स लागतं ते आवाज डिजिटल झाल्यानंतर. प्रीॲम्प किंवा कन्व्हर्टरवर आवाज फाटला तर पुढचा कॉम्प्रेसर त्याला वाचवू शकत नाही. ज्या कामासाठी तो छापायचा म्हणताय, ते तो तिथून करूच शकत नाही.

गजबजलेला_ग्रीनरूम

फाटण्याचा मुद्दा बरोबर, तो ध्यानात घेतला नव्हता. पण कानात कॉम्प्रेसर हवाच. आवाज स्थिर ऐकू आला की गायक माइकपासून मागे-पुढे कमी होतो.

कोमलगांधार

कानात जरूर लावा, रीकॉम्पमध्ये (रीपरचा कॉम्प्रेसर) रेशो २:१, अटॅक २० मिलिसेकंद, तीन-चार डीबीपेक्षा जास्त कपात नको. फक्त प्री-कॉम्प शून्य ठेवा. ते वाढवलं की तितका उशीर साखळीत वाढतो. आणि वरच्या तीन ट्रॅकच्या मांडणीत कोरडा आवाज कॉम्प्युटरमधून जातच नाही, त्यामुळे हा कॉम्प्रेसर फक्त घुमाऱ्यावर काम करेल. कोरडा आवाजच दाबून ऐकायचा असेल तर बफर १२८ किंवा ६४ ची वाट धरावी लागेल.

सॅम्पलमोजणी

उशिराच्या हिशोबातली एक फसगत सांगून ठेवतो. बफर १२८ करूनही आवाज मागून येतोय अशी तक्रार असते, तेव्हा दहापैकी नऊ वेळा दोषी असतं मास्टरवर विसरलेलं एखादं प्लग-इन. लिनियर फेज ईक्यू, पुढे पाहून दाबणारा लिमिटर, नॉइज काढणारी प्लग-इनं हे सगळे काम करण्यासाठी आवाज साठवून ठेवतात. रीपर तो उशीर मोजून बाकीचे ट्रॅक तितके मागे खेचतो, म्हणून मिक्स करताना काही जाणवत नाही. पण जिवंत गाणाऱ्याला मागे खेचता येत नाही.

पाहायचं कुठे? प्लग-इनच्या खिडकीच्या तळाशी सीपीयूच्या शेजारी सॅम्पलचा आकडा असतो. रीपरच्या रीईक्यू या ईक्यूला तिथे शून्य दिसेल. ४०९६ दिसले तर ४८ किलोहर्ट्झला ते ८५ मिलिसेकंद झाले. गाताना असं प्लग-इन ऑफलाइन करा, नुसतं बायपास करून समाधान मानू नका.

रीव्हर्ब या रीपरच्याच दुसऱ्या प्लग-इनमध्ये, म्हणजे इम्पल्स फाइल (एखाद्या जागेच्या घुमाऱ्याचा नमुना) घेऊन चालणाऱ्यात, झेडएल आणि एलएल अशा दोन खुणा असतात. झेडएल लावली की उशीर शून्य होतो, पण सीपीयू जास्त खातं. रीव्हर्बेट हलकं आहे, रेकॉर्डिंगच्या वेळी तेच पुरे.

अंतरा_चुकला

ब्लूटूथ हेडफोन चालतील का?

सॅम्पलमोजणी

नाही. ब्लूटूथमध्येच शंभर-दोनशे मिलिसेकंद जातात. वायरचेच.

पेटीचा_भाता

आणि बंद कपांचेच, कारण तानपुरा आणि ठेका कपाबाहेर गळून माइकमध्ये शिरतो. कोरडी फाइल म्हणून जी द्याल तिच्यात मागे बारीक तबला ऐकू आला, तर पुढे ठेका बदलायची सोय गेली.

रातराणी_रियाज

माझ्याकडे इंटरफेस नाही, यूएसबी माइक आहे. त्याला हेडफोनचं भोक आहे. हीच युक्ती चालेल?

मूर्च्छना

चालेल. हेडफोन लॅपटॉपला न लावता माइकलाच लावा. म्हणजे रीपरच्या दृष्टीने इनपुट आणि आउटपुट एकाच यंत्रावर राहतात आणि माइकमधला डायरेक्ट मॉनिटर कोरडा आवाज देतो. माइक एका यंत्रावर आणि हेडफोन दुसऱ्यावर केले की दोघांची घड्याळं वेगळी चालतात. दहा मिनिटांच्या रेकॉर्डिंगमध्ये ती थोडी थोडी सरकतात आणि मधूनच टकटक येते. मॅकवर दोन यंत्रं जोडून एक करता येतात, पण तिथेही दुसऱ्या यंत्रावर ड्रिफ्ट करेक्शनची खूण करावीच लागते. माइकच्या कंपनीने स्वतःचा एएसआयओ (विंडोजवर कमी उशिराचा) ड्रायव्हर दिला असेल तर तो घ्या, नसेल तर एएसआयओ-फोर-ऑल.

ठेका_धरा

४४.१ आणि ४८ ची भानगड कुणी सांगितलीच नाही. तानपुऱ्याची फाइल ४४.१ ची आणि प्रोजेक्ट ४८ चं असेल तर रीपर ती स्वतः बदलून घेतो, तिथे धोका नाही. धोका असतो तो इंटरफेस एका दरावर आणि सॉफ्टवेअर दुसऱ्यावर राहिलं तर. ४४.१ चं ४८ ला वाजलं तर स्वर सुमारे दीड अर्धस्वराने चढतो. काळी एकचा तानपुरा पांढरी दोन आणि काळी दोनच्या मध्ये कुठेतरी जाऊन बसतो, पेटीवर सापडतच नाही. लयही सुमारे ९ टक्के वाढते. पट्टी अशी अर्धवट कुठेतरी लागली की पहिला संशय सॅम्पल रेटवर घ्या.

खर्जवाला

वरची मांडणी जशीच्या तशी केली. घुमारा कानात येतोय, फाइल कोरडी आहे. पण कोरडा आवाज अजून किंचित दुहेरी येतोय, पहिल्यापेक्षा कमी, पण आहे. बफर २५६.

मूर्च्छना

तीन ठिकाणी पाहा. रीव्हर्बेटचा ड्राय खरोखर तळाला आहे का? उणे ३० वर राहिला तरी जाणवतो. 'गायन' ट्रॅकचं मॉनिटरिंग चालू तर नाही? आणि इंटरफेसच्या स्वतःच्या मिक्सरच्या खिडकीत माइकचा फेडर दोन ठिकाणी उघडा नाही ना, एकदा डायरेक्ट मॉनिटरमध्ये आणि एकदा लूपबॅकमध्ये (आवाज परत कॉम्प्युटरच्या इनपुटला देणारा चॅनल)?

ओळखायची पक्की रीत अशी: डायरेक्ट मॉनिटर पूर्ण बंद करा आणि माइकजवळ एक टाळी वाजवा. हेडफोनमध्ये नुसता घुमारा ऐकू यायला हवा. घुमाऱ्याच्या आधी टाळीचा धारदार 'टप्' आला तर कॉम्प्युटरमधून कोरडा आवाज कुठून तरी गळतोय. मग एकेक ट्रॅक म्यूट करत जा, ज्याच्यावर 'टप्' जाईल तो ट्रॅक.

खर्जवाला

टाळीने सापडलं. 'कान' ट्रॅकवरची मास्टर सेंडची खूण तशीच राहिली होती. आता घुमारा स्वच्छ आला.

शुद्धनिषाद

धाग्याचा विषय रिव्हर्ब आहे, पण गाताना कानात पिच करेक्शन लावायची जी पद्धत पडलीय तिच्याबद्दल इथे लिहितोच. अभंग-भावगीताला ते लावू नका. एक तर ही प्लग-इनं स्वर ओळखण्यासाठी आवाज साठवतात, म्हणजे उशीर आलाच. दुसरं, ती स्वर ओढतात ते समान अंतराच्या बारा स्वरांकडे. तानपुऱ्यात खर्जाच्या तारेतून जो गांधार आपोआप बोलतो तो षड्जापासून ३८६ सेंटवर (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) असतो, आणि प्लग-इनचा गांधार ४०० वर. गायकाने तानपुऱ्यात मिसळलेला गांधार लावला की प्लग-इन तो १४ सेंट वर ढकलतं. म्हणजे बरोबर लागलेला स्वर बेसूर करतं, तेही गाणाऱ्याच्या कानातच. तो मग आपला सूर त्या चुकलेल्या सुराकडे नेतो. मींड घेतली की तिच्या पायऱ्या होतात.

दुरुस्ती करायचीच असेल तर नंतर, हाताने, एखाद्याच चुकलेल्या स्वरापुरती.

गजबजलेला_ग्रीनरूम

@शुद्धनिषाद, पूर्ण सहमत. फक्त एक जोडतो, काही प्लग-इनमध्ये प्रत्येक स्वराचं स्थान सेंटमध्ये हलवता येतं. गांधार उणे १४, धैवत उणे १६ असं बसवलं तर ओढ बरीच सौम्य होते. मींडेचा प्रश्न तरीही उरतोच.

शुद्धनिषाद

धैवताचंही स्थान रागाप्रमाणे बदलतं, म्हणून मी एकाच आकड्यावर भरवसा ठेवणार नाही.

मूर्च्छना

परत घुमाऱ्याकडे. मराठी गाण्यात रिव्हर्ब लावताना एक खास अडचण येते, दंत्य च, ज, झ. चांदणं, चाफा, जुई, सांज या शब्दांतला 'त्स' आणि 'द्झ' सारखा भाग आणि त्याच्या जोडीला स, श हे रिव्हर्बमध्ये गेले की प्रत्येक शब्दानंतर 'फस्स' असा फवारा उडतो. कोरड्या आवाजात ते गोड लागतात, घुमाऱ्यात खुपतात. म्हणून गायनाच्या मूळ ट्रॅकला हात न लावता 'घुमारा' ट्रॅकवर रिव्हर्बच्या आधी दोन गोष्टी लावा.

आधी रीईक्यू: २५० हर्ट्झच्या खालचं कापा, ७-८ किलोहर्ट्झच्या वरचं कापा. त्याने घुमारा गढूळही होत नाही आणि चकचकीतही होत नाही. मग रीएक्सकॉम्प, म्हणजे वेगवेगळे पट्टे दाबणारा रीपरचा कॉम्प्रेसर: बाकीचे पट्टे काढून ५ ते ८ किलोहर्ट्झचा एकच पट्टा ठेवा, रेशो ४:१, अटॅक १ मिलिसेकंदाच्या आसपास, आणि 'सांज' म्हणताना ५-६ डीबी दबेल असा थ्रेशोल्ड. शब्द स्पष्ट राहतात, फवारा जातो. दोन्हींचा सॅम्पलचा आकडा खाली तपासून घ्या, कानात ऐकतानाही ही साखळी चालली पाहिजे.

ठेका_धरा

हे सोनं आहे. वाचनखूण साठवली.

कोमलगांधार

याच्या पुढची पायरी साइडचेन, म्हणजे एका ट्रॅकच्या आवाजाने दुसऱ्या ट्रॅकवरचा कॉम्प्रेसर चालवणं. गाणारा गात असताना घुमारा थोडा मागे सरतो आणि ओळ संपली की वर येतो. 'गायन' वरून 'घुमारा'वर दुसरा सेंड टाका, पण तो चॅनल ३/४ वर. 'घुमारा'वर रिव्हर्बच्या नंतर रीकॉम्प लावा आणि त्याच्या डिटेक्टर इनपुटमध्ये ऑक्झिलरी निवडा. रेशो ३:१, अटॅक १० मिलिसेकंद, रिलीज २५० ते ४००. कपात ४ डीबी पुरे.

काम होत नसेल तर रीकॉम्पच्या खिडकीतलं पिन जोडणीचं बटण दाबून पाहा. ३ आणि ४ च्या खाली ऑक्झिलरीच्या पिनांवर खुणा नसतील तर कॉम्प्रेसर मुका बसतो, काहीच दाबत नाही.

आणि तबल्यालाही हाच घुमारा देत असाल तर गायनासाठी वेगळा रिव्हर्ब ट्रॅक करा. नाहीतर गाणं सुरू झालं की तबल्याचाही घुमारा मागे जातो आणि सगळा ठेका हेलकावे खातो.

डग्गातिरकिट

डिलेसाठीही (ठरावीक वेळाने परत येणारा आवाज) हेच, वेगळा ट्रॅक. मिलिसेकंद काढायचे तर ६०,००० ला मिनिटातल्या मात्रांनी भागा. ८० ची लय असेल तर मात्रा ७५० मिलिसेकंदांची, अर्धी ३७५. दोन ओळींमधल्या जागेत ३७५ चा डिले केरव्यात नीट बसतो. पण ठेका माणसाने वाजवलेला असेल आणि लय थोडी चढत जात असेल तर डिले लयीच्या बाहेर पडतो, तेव्हा तो गाण्याच्या सुरुवातीच्या लयीवर न बसवता मधल्या अंतऱ्याच्या लयीवर बसवा आणि आवाज खाली ठेवा.

अंतरा_चुकला

अवांतर: हेच लॅपटॉप-रिव्हर्ब गणपतीच्या कार्यक्रमात स्टेजवर वापरता येईल का?

पेटीचा_भाता

येईल, मूर्च्छना यांच्याच तत्त्वाने. मिक्सरवरच्या गायनाच्या चॅनलमधून पोस्ट-फेडर ऑक्स सेंड (फेडरनंतर आवाजाची प्रत बाहेर देणारी वाट) काढा, तो इंटरफेसच्या इनपुटला द्या, लॅपटॉपमध्ये पूर्ण ओला रिव्हर्ब, इंटरफेसचं आउटपुट परत मिक्सरच्या दोन मोकळ्या चॅनलना. कोरडा आवाज मिक्सरमधून थेट स्पीकरला जातो, उशिराचा प्रश्न येत नाही.

सांभाळायचं ते हे: परतीच्या चॅनलवरचा तोच ऑक्स शून्यावर हवा. तो उघडा राहिला की रिव्हर्बचा आवाज पुन्हा रिव्हर्बमध्ये जातो आणि काही क्षणांत शिट्टी सुरू होते. लॅपटॉपचं वायफाय बंद, पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर. चार्जर लावल्यावर ५० हर्ट्झचा 'हूं' आला तर इंटरफेस आणि मिक्सरच्या मध्ये ट्रान्सफॉर्मरचा डीआय बॉक्स घाला. प्लगची अर्थची पिन तोडायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, मांडवात ओल असते, माइकच्या जाळीला ओठ लागतात.

सातासमुद्रापलीकडे

न्यू जर्सीहून पुण्यातल्या गुरूंकडे ऑनलाइन शिकणाऱ्यांसाठी याच मांडणीत काय बदलावं लागेल? तिकडून तानपुरा येतो, तो अर्धा गायब होतो.

सॅम्पलमोजणी

तानपुरा एकसारखा वाजत राहतो, म्हणून मीटिंगचं ॲप त्याला पंख्याचा आवाज समजून पुसतं. झूममध्ये 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' चालू करा आणि त्यातलं एको कॅन्सलेशन बंद. मग हेडफोन सक्तीचे. पण मुळात तानपुरा तिकडून घेऊच नका, दोघांनी आपापल्या बाजूला एकाच पट्टीत लावा.

रीपरमधला आवाज ॲपला द्यायचा तर इंटरफेसच्या लूपबॅक चॅनलची सोय पाहा. 'कान' ट्रॅकचं इनपुट चुकूनही लूपबॅकवर जाऊ देऊ नका, आवाज गोल फिरत वाढत जाईल.

एकत्र गाण्याची आशा मात्र धरू नका. पुणे ते न्यू जर्सी सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे तार सरळ असती तरी एका बाजूने सुमारे ६२ मिलिसेकंद. बफर कितीही उतरवला तरी हे कमी होत नाही. गुरूंनी म्हणायचं, शिष्याने मागून म्हणायचं, ही पद्धत इथे बरोबर बसते. एकाच शहरात असाल तर सोनोबस किंवा जॅम्युलस ही कमी उशिराची ॲप वापरून सोबत गाता येतं.

खर्जवाला

सगळं एका सत्रात करून पाहिलं. दंत्य च-जचा फवारा गेला. आता शेवटची शंका. गाताना घुमारा सुंदर वाटत होता, तेच रेकॉर्डिंग परत ऐकताना घुमारा आवाजाला चिकटल्यासारखा, जवळ आल्यासारखा वाटतो. सेटिंग एकही बदललं नाही.

मूर्च्छना

नेमकं टिपलंत. गाताना घुमारा बफरच्या उशिराने, १२-१४ मिलिसेकंदांनी मागून येत होता. परत ऐकताना 'गायन' ट्रॅक आणि त्याचा घुमारा दोन्ही एकाच क्षणी सुरू होतात, तो प्री-डिले निघून गेला. म्हणून ऐकताना रीव्हर्बेटचा इनिशियल डिले १२-१४ वर न्या, गाताना परत शून्य. दोन प्रीसेट साठवून ठेवा.

सॅम्पलमोजणी

तो आकडा अंदाजाने घेऊ नका, मोजता येतो. इंटरफेसच्या आउटपुटमधून इनपुटमध्ये एक केबल लावा. त्याआधी डायरेक्ट मॉनिटर बंद, हेडफोन काढून ठेवा आणि केबल लावलेल्या इनपुटवरचं सगळं मॉनिटरिंग बंद, नाहीतर शिट्टी बसेल. एका ट्रॅकवर क्लिकचा एकच ठोका ठेवून तो दुसऱ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करा. प्रेफरन्सेसमध्ये ऑडिओच्या खाली रेकॉर्डिंगमध्ये 'ड्रायव्हरने सांगितलेली लेटन्सी वापरा' ही खूण काढून एकदा रेकॉर्ड केलं की दोन ठोक्यांमधलं अंतर म्हणजे तुमचा पूर्ण उशीर. तो इनिशियल डिलेत घाला.

मग खूण पुन्हा लावून तीच चाचणी करा. आता दोन ठोके एकावर एक बसायला हवेत. तरी २०-३० सॅम्पलचा फरक उरला तर ड्रायव्हर थोडं चुकीचं सांगतोय, तितके सॅम्पल तिथल्याच मॅन्युअल ऑफसेटमध्ये भरा. फरक वाढला तर चिन्ह उलटं करा. बफर बदलला की दोन्ही चाचण्या परत.

खर्जवाला

खूण काढून अंतर आलं ६४८ सॅम्पल, म्हणजे १३.५ मिलिसेकंद. इनिशियल डिले तेवढा केला, घुमारा पुन्हा मागे गेला. खूण लावल्यावर २२ सॅम्पलचा फरक उरला होता, तो ऑफसेटमध्ये भरला. ठोके जुळले.

तानपुऱ्यालाही याच घुमाऱ्यात थोडं सोडू का?

मूर्च्छना

गाताना नको. तानपुरा कानात कोरडा आणि नेटका ठेवा, जवारी स्पष्ट ऐकू आली तरच षड्ज पक्का धरता येतो. मिक्समध्ये हवं तर गायनाच्या निम्म्याहून कमी सोडा, पण २५० हर्ट्झखालचं कापूनच, नाहीतर खर्जाची तार घुमाऱ्यात साचून राहते.